यॉर्कमध्ये आखलेली रेघ

अमेरिकेत अत्यंत गरीब माणसं किती, या प्रश्नाची दोन उत्तरं जून २०१८ मध्ये जगापुढे आली. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी फिलिप ऑल्स्टन यांनी मानवी हक्क परिषदेला दिलेल्या अहवालात म्हटलं होतं, की त्या देशात सुमारे ४ कोटी लोक दारिद्र्यात आहेत आणि त्यांतले १ कोटी ८५ लाख अतितीव्र दारिद्र्यात. अमेरिकी सरकारने अहवाल फेटाळला आणि अतितीव्र दारिद्र्यातल्या लोकांची संख्या सुमारे अडीच लाख असल्याचं कळवलं. एक आकडा दुसऱ्याच्या ७४ पट. देश तोच, काळ जवळपास तोच, आणि सांख्यिकीचं एवढं पुढारलेलं तंत्र हाताशी. एवढी तफावत मोजणाऱ्याच्या हातचुकीने पडत नाही. दोघांनी हातात घेतलेल्या मोजपट्ट्याच वेगळ्या होत्या. ऑल्स्टन यांचा आकडा अमेरिकेच्याच अधिकृत दारिद्र्यरेषेवरून आला होता. त्या रेषेच्या निम्म्याहूनही कमी उत्पन्नात जगणारे लोक त्यांनी धरले होते. सरकारने जी पट्टी काढली, तिच्यावर जिवंत राहण्यापुरती सोय असलेला माणूस अतितीव्र गरिबांत बसतच नव्हता.

श्रीमंत देशातलं दारिद्र्य मोजायचा उद्योग सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते. गरिबांची बाजू मांडणाऱ्या अभ्यासकांनी आपली रेघ मुद्दामच फार खाली आखली. समोरच्याला तोंड उघडायला जागा राहू नये, एवढी खाली. पुढे ती रेघ राज्यकर्त्यांच्या हातात गेली आणि 'याहून कमी मिळणं लाजिरवाणं' असा तिचा जो अर्थ होता, तो 'एवढं मिळालं की पुरे' असा झाला. वादात वापरलेलं हत्यार शिधा मोजायचं माप होऊन बसलं. आजही श्रीमंत देशांमध्ये दारिद्र्याच्या आकड्यांवरून जी भांडणं होतात, त्यांतली बरीचशी या अदलाबदलीतून निघाली आहेत असं माझं मत आहे. ते तपासायचं तर सुरुवात इंग्लंडपासूनच करायला हवी.

१८३४ च्या कायद्याने इंग्लंडमधली गरिबांची मदत वर्कहाउसच्या चार भिंतींत कोंडली. मदत हवी असेल तर घरदार सोडून तिथे राहायचं, काम करायचं आणि नवरा-बायको-मुलं यांनी वेगवेगळ्या विभागांत झोपायचं. तिथल्या माणसाची अवस्था बाहेर कष्ट करून खाणाऱ्या सर्वांत हलाखीतल्या मजुरापेक्षाही वाईटच असली पाहिजे, हे त्या कायद्यामागचं सूत्र होतं. १८४५ मध्ये हॅम्पशायरमधल्या अँडोव्हरच्या वर्कहाउसमध्ये खतासाठी हाडं कुटायला बसवलेली भुकेली माणसं त्याच हाडांना चिकटलेलं कुजकं मांस खात असल्याचं उघडकीला आलं आणि देशभर खळबळ माजली. सूत्र मात्र कायम राहिलं. त्यामागे एक ठाम समजूत होती. माणूस दरिद्री होतो तो दारू, आळस, उधळपट्टी आणि लवकर लग्न यांमुळे, म्हणून त्याला सोय दिली की तो आणखी बिघडतो, अशी ती समजूत. १८६९ मध्ये स्थापन झालेली चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी हा विचार शास्त्र म्हणून मांडत होती. लिव्हरपूलकडचे जहाजमालक चार्ल्स बूथ यांनी १८८० च्या दशकात लंडनची पाहणी सुरू केली, शाळा-मंडळाच्या भेटनिसांकडून घराघरांची माहिती गोळा केली, गल्ल्या काळ्या-निळ्या-गुलाबी रंगांत रंगवून नकाशे छापले, आणि लंडनचे ३०.७ टक्के लोक दारिद्र्यात असल्याचा निष्कर्ष काढला. तरीही सोसायटीवाल्यांची समजूत ढळली नाही. लंडन हे अवाढव्य बंदर, तिथे देशभरचा गाळ येऊन साचतो, बाकीच्या देशाला ते लागू नाही, असं म्हणायला वाव होता.

सीबोम राउंट्री यांनी नेमकी हीच पळवाट बुजवली. क्वेकर पंथातल्या चॉकलेट कारखानदाराच्या घरातला हा मुलगा, शिक्षणाने रसायनशास्त्राचा. त्यांनी १८९९ मध्ये आपलं गाव यॉर्क निवडलं. ना फार मोठं, ना लहान, कॅथीड्रल आणि रेल्वेचे कारखाने असलेलं, इंग्लंडमधल्या कुठल्याही मध्यम गावासारखं. घरी नोकर नसलेलं प्रत्येक कामगार कुटुंब मोजायचं ठरलं. ११,५६० कुटुंबं, ४६,७५४ माणसं. नमुना-पाहणीचं तंत्र अजून रुळायचं होतं, त्यामुळे घरोघर जाण्याला पर्याय नव्हता. मग प्रश्न आला, किती उत्पन्नाखाली दारिद्र्य म्हणायचं? बूथ यांनी आठवड्याला १८ ते २१ शिलिंग असा अदमास धरला होता. राउंट्रींना अदमास नको होता. अमेरिकेत ॲटवॉटर यांनी आहारातल्या उष्मांकांवर केलेलं काम त्यांच्यासमोर होतं. त्यावरून कष्टकरी माणसाला रोजचे ३,५०० उष्मांक धरून त्यांनी सर्वांत स्वस्त अन्नाचा हिशेब मांडला. पाव, ओटची लापशी, साय काढलेलं दूध, बटाटे, चीज, कोको, अधूनमधून थोडं बेकन. खाटकाकडचं मटण अजिबात नाही. नवरा, बायको आणि तीन मुलं अशा कुटुंबासाठी अन्नाला १२ शिलिंग ९ पेन्स, घरभाड्याला ४ शिलिंग, कपडे, जळण, दिवाबत्ती आणि बाकी सगळ्याला ४ शिलिंग ११ पेन्स, मिळून आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स. दारिद्र्यरेषा म्हणून आज आपण जिला ओळखतो, तिचा हा पहिला नीट मांडलेला हिशेब.

या हिशेबातला आहार वर्कहाउसमधल्या धडधाकट माणसाला मिळणाऱ्या आहारापेक्षाही हलका होता. राउंट्रींनी तो तसा ठेवला तो जाणूनबुजून, आणि आपल्या पुस्तकात त्यांनी या रेषेवर जगायचं म्हणजे काय याची यादीच दिली. अशा कुटुंबाने कधी रेल्वेत किंवा बसमध्ये बसायचं नाही. वर्तमानपत्र घ्यायचं नाही, दूर राहणाऱ्या मुलांना पत्र टाकायचं नाही कारण तिकिटाला पैसे नाहीत. चर्चला देणगी नाही, शेजाऱ्याला मदत नाही. मुलांना बाहुली नाही, गोट्या नाहीत, गोळ्या-चॉकलेट नाहीत. बापाने तंबाखू ओढायची नाही, आईने स्वतःसाठी किंवा मुलांसाठी कधी हौसेचा कपडा घ्यायचा नाही, आणि बापाचा कामाचा एकही दिवस बुडता कामा नये. यातला एकही नियम मोडला तर ती किंमत अन्नातून कापली जाणार. एवढ्या निर्दय मापानेही यॉर्कमधली ७,२३० माणसं, म्हणजे कामगारवर्गातले १५.४६ टक्के लोक, रेषेखाली निघाले. त्यांच्या दारिद्र्याची कारणं तपासली तेव्हा निम्म्याहून जास्त, सुमारे ५२ टक्के लोकांच्या बाबतीत कारण एकच होतं: घरचा कर्ता रोज कामावर जात होता, पण त्याची मजुरी अपुरी होती. २२ टक्के ठिकाणी कुटुंब मोठं होतं, जवळपास १६ टक्के ठिकाणी कमावता माणूस मेला होता. बेकारी आणि अनियमित काम दोन्ही मिळून ५ टक्क्यांच्या आसपास. आळसाला या हिशेबात जागाच उरली नाही.

राउंट्रींच्या पुस्तकातला एक बारकावा मात्र नंतरच्या पिढ्या विसरल्या, आणि माझ्या मते सगळी गफलत तिथून सुरू झाली. यॉर्कमधल्या गरिबांची एकूण संख्या त्यांनी या रेषेवरून काढलीच नव्हती. पाहणी करणारे घरात जात, घराची अवस्था, मुलांचे चेहरे, अंगावरचे कपडे, रिकामी फडताळं पाहत, शेजाऱ्यांकडून ऐकत, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या ददातीवरून घर गरीब असल्याची नोंद करत. असे २०,३०२ लोक निघाले, गावाच्या एकूण लोकसंख्येच्या २७.८४ टक्के. त्यातून मग पैशांच्या रेषेखालचे ७,२३० वेगळे काढले आणि त्याला 'प्राथमिक' दारिद्र्य म्हटलं. उरलेल्या १३,०७२ जणांच्या दारिद्र्याला 'दुय्यम' हे नाव मिळालं. म्हणजे लोक जसे जगतात ते पाहून त्यांना गरीब ठरवायचं, आणि त्यांतल्या किती जणांकडे कितीही काटकसर केली तरी भागणारच नाही एवढे कमी पैसे आहेत हे दाखवायला रेघ वापरायची, असा तो क्रम होता. सोसायटीच्या हेलेन बोझँकेट यांनी या आकड्यांवर हल्ला चढवला तेव्हा राउंट्रींनी १९०३ मध्ये स्वतंत्र पुस्तिका काढून उत्तर दिलं. त्या वादात त्यांना रेषेचा आधार होता. तुम्ही म्हणता तसं गरीब माणसाने एक पैही वाया घालवली नाही असं गृहीत धरून हिशेब केला, तरी एवढे लोक उपाशी राहतात, आता बोला. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉन व्हीट-विल्सन यांनी १९८६ मध्ये राउंट्रींचं मूळ लेखन पुन्हा काळजीपूर्वक वाचून हे दाखवून दिलं, की ही रेघ म्हणजे जगण्याच्या गरजांची व्याख्या आहे असं राउंट्रींनी कधी मानलंच नव्हतं. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं. स्वतः राउंट्रींच्या पुढच्या कामातही त्याचा पुरावा सापडतो.

ही युक्ती एकट्या राउंट्रींना सुचली होती असंही नाही. त्यांचं पुस्तक लंडनमध्ये १९०१ मध्ये निघालं, आणि त्याच वर्षी त्याच शहरात दादाभाई नौरोजींचा भारतातल्या दारिद्र्यावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातला गाभ्याचा निबंध १८७० च्या दशकातला, मुंबईत वाचलेला. दादाभाईंनी भारतीय माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न २० रुपयांच्या आसपास काढलं आणि त्याच्या शेजारी सरकारच्याच कागदांतला तुरुंगातल्या कैद्यामागे होणारा अन्नवस्त्राचा खर्च मांडला. कैद्याला जे मिळतं तेवढंही प्रामाणिक रयतेच्या वाट्याला येत नाही, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध केलं. तुरुंगाचा आहार पुरेसा असतो असं दादाभाईंना म्हणायचं नव्हतं. राज्यकर्ते ज्याला नाकारू शकणार नाहीत असं सर्वांत खालचं माप त्यांनी निवडलं होतं. मुंबईत १९२१-२२ मध्ये फिंडले शिरास यांनी सरकारसाठी गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली, तेव्हाही तुलना पुन्हा तिथेच आली: कामगाराला मिळणारं धान्य दुष्काळी संहितेतल्या कमाल शिध्याइतकं, पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीतल्या आहाराहून कमी. वर्कहाउस, तुरुंग, दुष्काळी काम. सरकार ज्यांना नाइलाजाने पोसतं त्यांच्या ताटाशी मोकळ्या कष्टकऱ्याचं ताट ताडून पाहायचं, ही पद्धत दोन्ही देशांत वकिलीची होती आणि तिथे ती योग्यच होती.

पुढे राउंट्रींनी आपली रेघ स्वतःच वर नेली. १९३६ मध्ये त्यांनी यॉर्कची दुसरी पाहणी केली तेव्हाच्या मापात वर्तमानपत्र होतं, रेडिओ होता, थोडी तंबाखू आणि बिअर होती, मुलांना भेट द्यायला पैसे होते. या मापाने कामगारवर्गातले ३१.१ टक्के लोक गरीब ठरले. १८९९ चं जुनं माप लावलं असतं तर ६.८ टक्केच ठरले असते. एकाच गावात एकाच वर्षी दोन्ही आकडे खरे होते. पण १९४२ मध्ये विल्यम बेव्हरिज यांनी कल्याणकारी राज्याचा आराखडा लिहिला तेव्हा भत्त्यांचे दर ठरवताना आधार घेतला तो जेमतेम निर्वाहाच्या हिशेबाचा. मूळ युक्तिवादात जी रेघ आरोपपत्र होती, ती इथे सरकारच्या देण्याची मर्यादा झाली. १९५० मध्ये यॉर्कची तिसरी पाहणी झाली, कामगारवर्गातले केवळ २.७७ टक्के लोक रेषेखाली निघाले, आणि ब्रिटनमध्ये दारिद्र्य संपल्याचा समज पक्का झाला. तो पंधरा वर्षं टिकला. १९६५ च्या डिसेंबरात ब्रायन एबल-स्मिथ आणि पीटर टाउनसेंड यांनी सरकारी खर्च-पाहणीचेच कागद नव्याने चाळून दाखवलं, की १९६० मध्ये ७५ लाख लोक, लोकसंख्येच्या १४.२ टक्के, सरकारी मदतीच्या दराच्या १४० टक्क्यांखाली जगत होते आणि त्यांत साडेबावीस लाख मुलं होती. ही माणसं मधली सगळी वर्षं तिथेच होती. मोजपट्टी त्यांच्या पायांखालून गेल्यामुळे ती कुणाला दिसली नाहीत.

अमेरिकेत हाच खेळ आणखी वेगाने झाला. तिथल्या अधिकृत दारिद्र्यरेषेची जनक मॉली ऑर्शान्स्की ही युक्रेनमधून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची मुलगी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये गरिबीत वाढलेली. शेतकी खात्यात आहाराच्या अंदाजपत्रकांवर काम करून ती सामाजिक सुरक्षा विभागात आली. गरीब घरातल्या मुलांचं प्रमाण अभ्यासण्यासाठी तिने १९६३ मध्ये एक माप तयार केलं आणि जानेवारी १९६५ च्या लेखात ते सविस्तर मांडलं. १९५५ च्या पाहणीनुसार अमेरिकी कुटुंब करानंतरच्या उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा खाण्यावर खर्च करत होतं. म्हणून शेतकी खात्याच्या अन्न-योजनेची किंमत घेऊन तिला तिनाने गुणायचं. चौघांच्या बिगरशेती कुटुंबाला वर्षाला ३,१०० डॉलरच्या थोडं वर. तिच्यापुढे दोन अन्न-योजना होत्या. त्यांतली स्वस्त योजना पैशांची तात्पुरती तंगी असेल तेव्हा, अडीअडचणीला वापरण्यासाठी म्हणून शेतकी खात्याने बनवली होती. ऑर्शान्स्कीने दोन्हींवरून रेषा काढल्या. तिचा पवित्रा राउंट्रींचाच होता: किती पुरेसं ते ठरवता येत नसेल, पण किती फारच कमी ते तरी सांगता यायला हवं. दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारलेल्या जॉन्सन सरकारला घाईने एक आकडा हवा होता. मे १९६५ मध्ये सरकारी कार्यालयाने खालची रेघ उचलली. १९६८ मध्ये सामाजिक सुरक्षा विभागाने राहणीमानाबरोबर ती थोडी वर न्यायचा प्रयत्न केला, तो वरून अडवला गेला. १९६९ मध्ये अर्थसंकल्प कार्यालयाने तीच रेघ अधिकृत केली आणि दर वर्षी तिच्यात महागाईपुरती वाढ करायची पद्धत पडली. तात्पुरत्या तंगीसाठीचा आहार कोट्यवधी माणसांच्या आयुष्यभराचं माप झाला. तिनाने गुणण्यामागचं कारणही नंतर उरलं नाही, कारण खाण्यावरच्या खर्चाचा हिस्सा घसरत गेला आणि घरभाडं, दवाखाना, मुलं सांभाळायचा खर्च फुगत गेला. १९६० च्या आसपास चौघांच्या कुटुंबाची रेघ तशा कुटुंबांच्या मध्यम उत्पन्नाच्या जवळपास निम्मी होती. आज ती एक-तृतीयांशाच्याही खाली आहे.

यावर एक आक्षेप हटकून येतो. राहणीमानाबरोबर रेघ वर नेत राहिलं तर दारिद्र्य कधीच संपणार नाही. ज्यांच्याकडे टीव्ही, फ्रिज आणि मोबाइल आहे त्यांना गरीब म्हणणं ही आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या उपाशी माणसांची थट्टा आहे. आक्षेप प्रामाणिक आहे आणि भारतीय वाचकाला तो चटकन पटतो. पण त्याचं उत्तर ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच देऊन ठेवलं आहे. लिननचा सदरा ग्रीक-रोमनांना लागत नव्हता, पण स्मिथ यांच्या काळातल्या युरोपात तो नसलेला मजूर चारचौघांत यायला लाजत असे, म्हणून तो गरजेचाच, असं त्यांनी मांडलं. अमर्त्य सेन यांनी १९८३ मध्ये टाउनसेंड यांच्याशी घातलेल्या वादात हीच गोष्ट अधिक नेमकी केली: चारचौघांत लाज न वाटता वावरता येणं ही गरज सगळीकडे तीच, तिच्यासाठी लागणाऱ्या वस्तू मात्र समाजागणिक बदलतात. ज्या गावात बस नाही तिथे गाडीशिवाय नोकरी नाही, आणि जिथे कामाचा निरोप फोनवरच येतो तिथे फोन म्हणजे मजुरीचं अवजार. गरजा कोण ठरवणार, याचंही उत्तर निघालं आहे. जोआना मॅक आणि स्टुअर्ट लान्सली यांनी १९८३ मध्ये ब्रिटिश लोकांनाच विचारलं, की कुणालाही ज्यावाचून राहावं लागू नये अशा गोष्टी कोणत्या. बहुसंख्यांनी सांगितलेली यादी साधी होती: थंडीत ऊब, ओल नसलेलं घर, घरातला संडास, प्रत्येकाला अंथरूण, पावसाळी कोट, मुलांना तीन वेळचं जेवण. यांतल्या तीन किंवा जास्त गोष्टी परवडत नसलेले ७५ लाख लोक निघाले. राउंट्रींचे पाहणीदार घरात शिरून जे डोळ्यांनी पाहत होते, त्याच्याजवळ जाणारी ही पद्धत आहे.

दुसरा आक्षेप जास्त तांत्रिक आणि जास्त ताकदीचा आहे. १९९६ मध्ये अमेरिकेने मुलं असलेल्या गरीब कुटुंबांची जुनी रोख मदत मोडून वेळेच्या मर्यादेची, कामाच्या अटीची नवी योजना आणली. रोख मदत घेणारे १९९४ मध्ये १ कोटी ४२ लाख होते, ते २०१४ मध्ये ३८ लाख उरले. कॅथरीन इडिन आणि ल्यूक शेफर यांनी २०१५ च्या पुस्तकात दाखवलं, की २०११ मध्ये सुमारे १५ लाख कुटुंबं, त्यांत ३० लाखांच्या आसपास मुलं, माणशी रोजच्या दोन डॉलरपेक्षा कमी रोख उत्पन्नावर महिना काढत होती. त्यांनी ज्या घरांचा जवळून अभ्यास केला, त्यांत रक्तातला प्लाझ्मा विकून विजेचं बिल भरणारे लोक होते. २०१९ मध्ये अर्थतज्ज्ञ ब्रूस मायर आणि सहकाऱ्यांनी पाहणीतली उत्तरं सरकारी दप्तरांशी जुळवून पाहिली. वस्तुरूप मदत, न सांगितलेली कमाई आणि मालमत्ता धरली तर अशा दोन डॉलरवाल्या कुटुंबांपैकी ९० टक्क्यांहून जास्त कुटुंबं त्या अवस्थेत नसतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो गांभीर्याने घ्यायलाच हवा. लोक पाहणीत उत्पन्न कमी सांगतात हे खरं आहे, आणि दोन डॉलरचा आकडा एकट्याने पुरावा म्हणून पुढे करणं यापुढे जमणार नाही. तरी दोन गोष्टी त्यातून सुटतात. त्या हिशेबात बेघर माणसं धरलेलीच नाहीत, आणि जानेवारी २०२४ च्या एका रात्रीच्या सरकारी गणतीत अमेरिकेत ७,७१,४८० माणसं बेघर सापडली. शिवाय अन्नाच्या कार्डावर अन्नच मिळतं. त्याने भाडं भरता येत नाही, मुलाचा बूट घेता येत नाही. कार्डाची किंमत उत्पन्नात मिळवली की कागदावर कुटुंब रेषेवर जातं, पण घरमालक पहिल्या तारखेला रोखच मागतो.

तिसरा मुद्दा, सरकारी पैसा मर्यादित आहे, म्हणून सर्वांत तळाच्या माणसांवर लक्ष ठेवायला कडक माप हवंच. कडक मापाला माझाही विरोध नाही. सर्वांत हालात असलेल्यांना आधी शोधायलाच हवं, आणि अँगस डीटन यांनी २०१८ मध्ये जागतिक मोजमापाने अमेरिकेतच ५३ लाख लोक अत्यंत गरीब असल्याचं लिहिलं तेव्हा त्यांनी याच मापाने मोठी जाग आणली. प्रश्न आहे तो ते माप कशासाठी वापरलं जातं याचा. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने खर्चावर आधारित एक रेघ घेऊन सांगितलं, की १९६१ मध्ये ३० टक्के असलेलं दारिद्र्य २०१६ मध्ये ३ टक्क्यांवर आलं आहे, दारिद्र्याविरुद्धचं युद्ध बहुतांशी जिंकलं आहे. आणि लगेच त्या आधारावर अन्न आणि औषधोपचाराच्या मदतीला कामाची अट जोडायची शिफारस केली. आपल्याकडेही हे घडून गेलं आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये २,२५० उष्मांकांच्या आधाराने जी रेघ काढली, ती देशाच्या नियोजनाला जाब विचारण्यासाठी होती. २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरात रोज ३२ आणि खेड्यात २६ रुपयांची रेघ सांगितली तेव्हा तिचं काम बदलून गेलं होतं.

दारिद्र्य मोजणाऱ्यांनी यावर उपाय शोधला आहे, आणि तो राउंट्रींच्या गावातूनच आला हे नमूद करण्यासारखं आहे. त्यांच्या वडिलांनी १९०४ मध्ये स्थापलेली जोसेफ राउंट्री फाउंडेशन ही यॉर्कमधली संस्था गेली काही वर्षं ब्रिटनमधली पराकोटीची ददात मोजते. निवारा, अन्न, ऊब, उजेड, कपडे-बूट आणि साबण-दंतमंजनासारख्या रोजच्या वस्तू, या सहांपैकी दोन किंवा जास्त गोष्टी महिनाभरात मिळाल्या नाहीत, किंवा त्या घेता येणार नाहीत एवढं उत्पन्न घटलं, तर माणूस त्या गणतीत येतो. या मापाने २०१७ मध्ये सुमारे १५ लाख ५० हजार आणि २०२२ मध्ये ३८ लाख लोक मोजले गेले, त्यांत सुमारे १० लाख मुलं. माप अतिशय कडक आहे, तरी त्यात कुणाचं जगणं पुरेसं आहे असा दावा कुठेही नाही, आणि संस्था त्याच्या शेजारी राहणीमानाबरोबर वाढणारी दुसरी रेघही दर वर्षी छापते.

मापाची निवड किती महाग पडते हे अमेरिकेत दोन वर्षांत दिसलं. २०२१ मध्ये तिथे मुलं असलेल्या कुटुंबांना कर-सवलतीच्या रूपाने दरमहा पैसे दिले गेले आणि २०२२ मध्ये ती वाढीव रक्कम बंद झाली. कर आणि मदत दोन्ही धरणाऱ्या, २०११ पासून छापल्या जाणाऱ्या पूरक मापाने बाल-दारिद्र्य २०२१ मध्ये ५.२ टक्के होतं, ते २०२२ मध्ये १२.४ टक्क्यांवर गेलं. ऑर्शान्स्कीच्या हिशेबावर १९६९ पासून चालत आलेलं अधिकृत माप करापूर्वीची रोख कमाईच मोजतं. त्यात बाल-दारिद्र्य २०२१ मध्ये १५.३ टक्के होतं आणि २०२२ मध्ये १५ टक्के. लाखो मुलं दारिद्र्याबाहेर आली आणि वर्षभरात पुन्हा आत ढकलली गेली, पण देशाच्या अधिकृत आकड्यात त्याची नोंद झाली नाही.